हलके आणि भारी

१

मराठीतील काही विशेषणे अशी आहेत की ती वस्तूचे वर्णन करता करता तिचा न्यायनिवाडाही परस्पर उरकून टाकतात. ‘हलके’ हे त्यांपैकी एक. कापूस हलका असतो आणि मालही हलका असतो. पहिल्या ठिकाणी आपण वजन सांगतो, दुसऱ्या ठिकाणी प्रत. मनातले बोलून टाकले की मन हलके होते, आणि चारचौघांत कोणी हलके लेखले की तेच मन जड होते. ‘भारी’ या शब्दाची तऱ्हा नेमकी उलट. साडी भारी असते म्हणजे ती जड असते, महाग असते आणि उत्तम असते. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत याचे भान दुकानदारालाही राहत नाही आणि गिऱ्हाइकालाही. अलीकडे तर तरुण मंडळी आवडलेल्या कोणत्याही गोष्टीला सरसकट ‘भारी’ म्हणतात. वजन, किंमत आणि गुण यांची भाषेने अशी एक मोट बांधून ठेवली आहे. ती सोडवणे हे टीकाकाराचे काम. पण तोही पुष्कळदा त्या मोटेवरच ठाण मांडून बोलत असतो.

मी स्वतः असा बोललो आहे. ती गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण हा लेख तिच्यासाठीच लिहीत आहे.

आमच्या बैठकीत अण्णा म्हणून एक वडीलधारे स्नेही होते. पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून जन्म काढलेला माणूस. निवृत्तीनंतर वाचन, बाग आणि महिन्यातून एकदा आम्हां पाचसहाजणांची बैठक, एवढाच त्यांचा विलास. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो हे बहुतेकांना ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते ते विसरतात. अण्णांनी तो रीतसर काढून पाकिटात ठेवला होता. त्यांची मुलगी अॅबर्डीनला असते. तिच्याकडून परतताना एकदा त्यांनी रोथेस नावाच्या गावी जाऊन तिथल्या डिस्टिलरीतून एक बाटली आणली: ग्लेन ग्रँट, दहा वर्षे पिंपात मुरलेली सिंगल माल्ट. त्यांच्या पेन्शनच्या हिशेबात ती स्वस्त नव्हती. स्कॉच माल्टांच्या जगात मात्र ती स्वस्तांतलीच.

बाटली उघडली, पेले भरले. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “बोला टीकाकार, काय म्हणता?”

मी त्या दिवसांत पुष्कळ महागड्या बाटल्यांची नावे पाठ केली होती. घोट घेतला न घेतला तोच म्हणालो, “ठीक आहे, अण्णा. हलकी आहे.”

“हलकी,” अण्णा म्हणाले; आणि थोड्या वेळाने त्यांनी पावसाचा विषय काढला.

पुढे आठनऊ वर्षे बैठकी होत राहिल्या, पण ती बाटली पुन्हा पुढे आली नाही. अण्णा गेल्यानंतर काकूंनी ती मला आणून दिली. तिच्यात दोनतृतीयांश व्हिस्की तशीच होती. “तुम्हांला यातले कळते,” काकू म्हणाल्या, “तुम्ही न्या.”

२

दिवाळी अंकाच्या पानांवर कथाकवितांची समीक्षा सोडून हे काय, असे कोणी विचारील. मद्यपानाची भलामण करावी असा माझा हेतू नाही. जो पीत नाही त्याने या लेखामुळे पिऊ नये. परंतु आस्वाद आणि परीक्षण यांचा संबंध तपासायचा असेल तर जिभेकडे पाठ फिरवून कसे चालेल? आपल्या साहित्यविचारातला सर्वांत मोठा शब्द जेवणाच्या पानावरून उचललेला आहे. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना भरताने भोजनाचाच दाखला घेतला: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न जेवणारा सुमनस माणूस जसा त्यातील रसांचा आस्वाद घेतो, तसाच सुमनस प्रेक्षक स्थायी भावांचा घेतो. या दाखल्यातील व्यंजनांची चर्चा पुष्कळ झाली. पण त्यातील अट मला अधिक महत्त्वाची वाटते. आस्वाद घेणारा सुमनस हवा. त्या संध्याकाळी माझ्या जिभेत दोष नव्हता. व्हिस्की हलकी होती हे तिने बरोबर टिपले होते. पण मी सुमनस नव्हतो. जिभेने वजन सांगितले आणि मी ते प्रत म्हणून जाहीर केले.

तेव्हा आता तीच व्हिस्की पुन्हा तपासायची. पण त्यासाठी अण्णांची बाटली उपयोगाची नाही, हे लवकरच ध्यानात आले. उघडलेल्या बाटलीत व्हिस्कीच्या डोक्यावर हवा राहते. वर्षानुवर्षे तसे राहिले की तिचा सुगंध विरत जातो, आणि जी मुळात नाजूक असते तिचा आधी विरतो. त्या बाटलीतून आता गोडसर, थोडेसे कोंदट असे काहीतरी येते. तिच्यावरून ग्लेन ग्रँटची परीक्षा करणे म्हणजे वाळवी लागलेल्या प्रतीवरून कादंबरीचे परीक्षण करण्यासारखे आहे. दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त एडिंबरोला जाणे झाले, तेव्हा मी चार दिवस काढून उत्तरेला गेलो. आगगाडीने एल्गिनपर्यंत आणि तिथून रस्त्याने रोथेसला. नवी बाटली मी तिथेच घेतली.

३

स्पे नदीच्या खोऱ्यातील रोथेस हे एका मुख्य रस्त्याचे लहानसे गाव. जॉन आणि जेम्स ग्रँट या भावांनी १८४० साली इथे डिस्टिलरी काढली. १८७२ साली ती जेम्सच्या मुलाकडे आली. त्याचेही नाव जेम्सच, पण लोक त्याला ‘मेजर’ म्हणूनच ओळखतात. मेजरने डिस्टिलरीच्या मागे ओढ्याकाठी मोठी बाग फुलवली. त्या बागेतून वर चढत गेले की घळीत एक झोपडीवजा निवारा लागतो. तिथल्या खडकात मेजरने एक तिजोरी बसवून घेतली होती. जेवणानंतर पाहुण्यांना तो इथवर चालवत आणी, तिजोरीतून बाटली काढी आणि पाणी समोरच्या ओढ्याचे घेई. १९३१ साली तो वारला. बाग आजही आहे, आणि अण्णांना ती आवडली नसती तरच नवल.

पण अण्णा तिथे रमले असतील ते बागेत नव्हे, भट्टीच्या दालनात. याविषयी माझी खात्री आहे. सिंगल माल्ट म्हणजे काय, याची व्याख्या २००९ सालच्या स्कॉच व्हिस्की नियमांनी बांधून दिली आहे. धान्य फक्त माल्ट केलेले बार्ली, म्हणजे आपला सातू. पाणी आणि यीस्ट यांखेरीज दुसरे काही नाही. एकाच डिस्टिलरीत, हंड्यांतून, घाण्याघाण्याने गाळायचे. ओकच्या पिंपांत स्कॉटलंडमध्येच निदान तीन वर्षे मुरवायचे. आणि बाटलीतले बळ चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचे नाही. माल्ट करण्याची क्रिया आपल्या घरांना अनोळखी नाही. नाचणीचे सत्त्व करणारी गृहिणी नाचणी भिजवते, मोड आणते, वाळवते आणि दळते. सातूचेही तेच. मोड आले की धान्यातील पिष्टाची साखर होण्याची वाट मोकळी होते. त्या साखरेचा पुढे मद्यार्क होतो.

येथवर सगळ्या डिस्टिलऱ्या सारख्याच. फरक पडतो तो हंड्यांपाशी. ग्लेन ग्रँटचे हंडे उंच आणि सडपातळ गळ्याचे आहेत. वाफ वर चढू लागते. तिच्यातील जड, तेलकट अंश तांब्याला लागून थंडावतात आणि गळ्यातूनच परत खाली ओघळतात. जे हलके असते तेवढेच माथ्यापर्यंत पोचते. एवढ्यावरही मेजरच्या घराण्याचे समाधान झाले नाही. माथ्याच्या पुढे, थंड होण्याच्या नळीआधी, प्रत्येक हंड्याला प्युरिफायर नावाचे एक भांडे जोडलेले आहे. माथा ओलांडून आलेल्या वाफेतही काही जडपणा उरला असेल तर तो इथे द्रव होतो आणि नळीवाटे पुन्हा हंड्यात जातो: परत उकळ, परत चढ. असे आठही हंड्यांना आहे.

तिथून मोटारीने फार लांब नसलेल्या डफटाउन गावी मॉर्टलॅक नावाची डिस्टिलरी आहे. तिची रीत नेमकी उलटी. ती आपली वाफ जुन्या तऱ्हेने, थंड पाण्याच्या पिंपात बुडवलेल्या नागमोडी नळीतून नेते. अशा नळीत वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो; म्हणून माल मांसल, गंधकाची किंचित झाक असलेला आणि जाडजूड उतरतो. दोन्ही गावे एकाच खोऱ्यातली, धान्य तेच, हवा तीच. एकाने जडपणा जपला, दुसऱ्याने तो पुन्हापुन्हा परत पाठवला.

ग्लेन ग्रँटचे हे हंडे पाहताना मला माझे जुने वाक्य प्रथमच लाजिरवाणे वाटले. जे हलके ते कमी कष्टाचे, कमी ऐवजाचे, असे आपण धरून चालतो. लघुनिबंधाला आपण असेच वागवले; विनोदी लेखकाला आजही शेवटच्या पंगतीला बसवतो. पण या हलकेपणाच्या मागे नकारांची केवढी रांग उभी आहे! जे आयते आले असते ते शंभर वेळा माघारी धाडल्यावर हा हलकेपणा हाती लागतो. पाण्याचा उपसा, दाब आणि उतार यांत आयुष्य घालवलेल्या अण्णांना ही परत जाणारी वाफ पाहून किती आनंद झाला असेल! त्या संध्याकाळी पेला हातात घेऊन ते बहुधा हेच सांगायला निघाले होते. ‘हलकी’ या माझ्या एका शब्दाने त्यांना ती संधीच उरली नाही.

४

आता प्रत्यक्ष परीक्षा. तिची पद्धत सांगतो, म्हणजे निर्णय किती विश्वासाचा हे वाचकाला ठरवता येईल.

तीन पेले घेतले. ट्युलिपच्या फुलासारखे, वर निमुळते होणारे. एकात ग्लेन ग्रँट. दुसऱ्यात शेरीच्या पिंपात अठरा वर्षे मुरलेली, तिच्या चौपट किमतीची एक माल्ट. तिसऱ्यात बाजारातली एक साधी ब्लेंड, म्हणजे माल्टमध्ये इतर धान्यांची व्हिस्की मिसळलेली. भरण्याचे काम पत्नीने केले आणि पेल्यांखाली आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या. रंगावरून ओळखू नये म्हणून दिवा मंद. असे तीन संध्याकाळी केले. रंगाला मी गुण देत नाही, कारण नियमानुसार व्हिस्कीत जळक्या साखरेचा रंग मिसळण्याची मुभा आहे. रंग पुष्कळदा बाटलीवरच्या चिठ्ठीइतकाच बोलका आणि तितकाच भरवशाचा असतो.

पेल्यांवरून नाक फिरवताच ब्लेंड बाजूला पडली. तिच्यात गोडवा होता, पण त्या गोडव्याच्या मागे काही नव्हते. उरलेल्या दोघींत ग्लेन ग्रँट ओळखायला श्रम पडले नाहीत. तिचा पहिला वास हिरव्या सफरचंदाचा: पिकलेल्याचा नव्हे, तर नुकतीच साल काढलेल्या, अजून काळ्या न पडलेल्या फोडीचा. त्यामागून नासपती. मग जरा वेळ पेला तसाच ठेवला तर सुकत घातलेल्या गवताचा कोवळा गंध येतो, आणि सर्वांत खाली, एखाद्या मैफलीत तंबोरा असावा तसा, सातूच्या पिठाचा खमंगपणा. ज्याने लहानपणी सातूचे पीठ दुधागुळात कालवून खाल्ले आहे त्याला हा वास कोणी समजावून सांगायला नको. व्हिस्कीविषयी इंग्रजीत लिहिणारे ज्याला बिस्किट म्हणतात ते आपल्यासाठी हे पीठ आहे. आणि आपल्या तोंडचा शब्द अधिक खरा आहे, कारण मुळात धान्य तेच.

घोट घेतल्यावर आधी येतो तो तजेला, मग व्हॅनिलाचा सौम्य गोडवा. हा गोडवा पिंपाचा. अमेरिकेतील कायद्याने बर्बन नव्या, आतून कोळपवलेल्या ओकपिंपातच मुरवावी लागते. म्हणून एकदा वापरलेली पिंपे तिथून स्कॉटलंडला ढिगांनी येतात. शेरीचे पिंप बडबडे असते, ते व्हिस्कीला मनुका, खजूर, मसाला असे पुष्कळ काही सांगायला लावते. बर्बनचे जुने पिंप मितभाषी. ते धान्याला बोलू देते. ग्लेन ग्रँटच्या मध्यावर ओल्या बदामाचा गुळगुळीतपणा आहे, लिंबाच्या सालीचा एक फवारा आहे. मग ओकचा बारीकसा तुरटपणा, आणि संपले.

‘आणि संपले’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले आहेत. तिचा शेवट आखूड आहे. चांगली माल्ट गिळल्यानंतर तिची आठवण तोंडात बदलत बदलत राहते. इथे ती स्वच्छपणे मिटते. आणखी एक उणीव अशी की तिला पाणी सोसत नाही. चारपाच थेंब घातले तर सफरचंद क्षणभर उमलते. चमचाभर घातले की सगळी रचना पातळ होते. बर्फ टाकणाऱ्याने तर ही बाटली घेऊच नये, त्याला थंड गोड पाणी तेवढे मिळेल. या दोन्ही उणिवांचे मूळ एकच आहे: चाळीस टक्के. त्याचा हिशेब पुढे मांडतो.

तीन संध्याकाळचा निकाल सारखा लागला नाही. दोनदा मी शेरीची माल्ट वर ठेवली आणि एकदा ग्लेन ग्रँट. आधी वाटले, हे माझ्या जिभेचे अस्थैर्य. टिपणे पाहिली तेव्हा उलगडा झाला: शेरीची सरशी झाली ती दोन्ही वेळा जेवणानंतर, ग्लेन ग्रँटची झाली तेव्हा अजून जेवण व्हायचे होते आणि खिडकीतून उजेड येत होता. यात नवल ते काय? आपल्या संगीताने रागांना प्रहर वाटून दिले आहेत. मध्यरात्रीच्या दरबारीपुढे कोणी संध्याकाळचा यमन हलका ठरवीत नाही. मग तीन पेल्यांना एकाच वेळी एकाच फूटपट्टीने मोजण्याचा आग्रह कशासाठी?

मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. त्यांनी ते ललितकलांसाठी सांगितले, पिंपांसाठी नव्हे, हे मी जाणून आहे. तरीही या पेल्यांपाशी ते मला उपयोगी पडले. भारी माल्टचे सामर्थ्य विरोधात असते: गोडाला कडू भिडते, फळाला धूर भिडतो, आणि त्या झटापटीतून समतोल साधला तर ती थोर ठरते. ग्लेन ग्रँटमध्ये विरोध जवळजवळ नाही. तिच्यात सफरचंदाला नासपती, नासपतीला सातू, सातूला बदाम असा निव्वळ संवाद आहे. संवादावर उभी असलेली कृती थोर होणे अवघड, कारण तिला खोली देणारा ताण कमी पडतो. पण ती निर्दोष होणे त्याहून अवघड. तिथे एक सूर हलला तरी ऐकू येतो. धुराच्या किंवा शेरीच्या आड पुष्कळ दोष लपतात. इथे आडोसाच नाही.

५

किमतीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ‘स्वस्त’ हे विशेषणही ‘हलके’प्रमाणेच लबाड आहे.

माल्ट स्वस्त कशाने होते? पहिले, काळाने. पिंपातून दर वर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते; तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. अठरा वर्षे थांबणाऱ्याने हा वाटा अठरा वेळा दिलेला असतो आणि तितकी वर्षे भांडवल अडकवलेले असते. दुसरे, पिंपाने: बर्बनचे जुने पिंप शेरीच्या पिंपापेक्षा पुष्कळ स्वस्त. तिसरे, पाण्याने. साठ टक्के बळाची शंभर लिटर व्हिस्की पिंपातून निघाली असे धरू. पाणी घालून ती चाळीस टक्क्यांवर आणली तर जवळजवळ दीडशे लिटर भरते. शेहेचाळीसवर थांबवली तर एकशेतीस. शंभरामागचे हे वीस लिटर म्हणजेच स्वस्ताई, आणि ग्लेन ग्रँटचा आखूड शेवटही याच वीस लिटरांत आहे. शेहेचाळीसच्या खाली व्हिस्की थंडीत गढुळते. म्हणून ती आधीच गार करून गाळण्याचा प्रघात पडला, आणि त्या गाळण्यात पोताचा थोडा भाग जातो असे पुष्कळ जाणकार मानतात.

तेव्हा काळ, पिंप आणि पाणी यांत काटकसर आहे. पण एका जागी नाही: हंड्यापाशी. उंच गळे आणि प्युरिफायर यांतून माल सावकाश येतो. तिथे घाई केली असती तर बाटली आणखी स्वस्त पडली असती आणि गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आले नसते. स्वस्त वस्तूचे परीक्षण करताना मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. काटकसर कुठे केली हे कुणालाही दिसते. ती कुठे करायची नाही असे ठरवले, हे पाहावे. तिथेच कारागिराची अब्रू असते.

इटालियनांना हे आपल्याआधी कळले. १९६१ साली आर्मांडो जोविनेत्ती नावाचा गृहस्थ रोथेसहून ग्लेन ग्रँटच्या पन्नास पेट्या घेऊन गेला, आणि पुढे त्या देशाने ही माल्ट, तीही पाच वर्षांची कोवळी, इतकी आपलीशी केली की २००६ साली कांपारी या इटालियन कंपनीने डिस्टिलरीच विकत घेतली. उन्हाच्या, जेवणावळींच्या देशाला हलकेपणा हा गुण वाटला.

आपल्याकडे मात्र ही बाटली स्वस्त उरत नाही. स्कॉचवर भारताची आयात जकात वर्षानुवर्षे दीडशे टक्के होती. २०२५ सालच्या जुलैत ब्रिटनशी सह्या झालेल्या करारात ती आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणण्याचे ठरले. जकातीच्या वर राज्याचे कर वेगळे. रोथेसला मी तिच्यासाठी तीस पौंडांच्या आसपास मोजले. त्याच तोडीची माल्ट पुण्यात घेताना मध्यमवर्गीय माणूस बायकोला किंमत सांगत नाही. परदेशाहून येणाऱ्याला दोन लिटर सोबत आणता येतात, त्यातली ती एक बाटली. म्हणून आपल्याकडे माल्ट कधी रोजची होत नाही. ती कपाटात राहते, पाहुण्यांसाठी निघते आणि तिच्याकडून भारी असण्याची अपेक्षा केली जाते. २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एक प्रयोग केला. नव्वद डॉलरची वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा खरी किंमत सांगून आणि एकदा दहा डॉलर सांगून. महाग म्हणून दिली तेव्हा ती अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर मेंदूतील सुखाशी जोडलेला भागही अधिक जागा झाला. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते. किंमत त्यांच्या जिभेवरच बसली होती. अण्णांकडे मीही खोटे बोललो नव्हतो, अशी समजूत मला यावरून करून घेता येईल. पण टीकाकाराला ती सवलत नसावी. सामान्य पिणाऱ्याने किमतीला भुलावे; ज्याला चारचौघे मत विचारतात त्याने निदान पेल्याखाली चिठ्ठी ठेवावी.

६

तर निर्णय असा. ग्लेन ग्रँटची ही दहा वर्षांची माल्ट थोर नाही. तिचा शेवट तोकडा आहे, तिला पाणी सोसत नाही, आणि शेहेचाळीस टक्क्यांवर भरली असती तर ती किती वेगळी झाली असती ही हळहळ प्रत्येक घोटाला वाटते. परंतु जे तिने करायचे ठरवले ते तिने पुरते केले आहे. धान्याचा स्वाद कशाखालीही न झाकता समोर ठेवायचा, हे तिचे उद्दिष्ट. आणि माझ्या माहितीत तेवढ्या पैशांत ते इतक्या नितळपणे साधणाऱ्या फार थोड्या आहेत. ज्याला सिंगल माल्ट म्हणजे काय हे प्रथमच समजून घ्यायचे आहे त्याला मी हीच देईन, कारण हिच्यात पिंपाच्या आधी सातू भेटतो. ज्याने पुष्कळ भारी बाटल्या चाखल्या आहेत त्यालाही देईन, जीभ ताळ्यावर आणण्यासाठी. पाणी न घालता, जेवणाआधी, उजेड असेतो.

गेल्या महिन्यात नवी बाटली घेऊन काकूंकडे गेलो. त्या घेत नाहीत, पण रोथेसच्या हंड्यांचे मी वर्णन करू लागलो तेव्हा त्यांनी मधेच थांबवले आणि म्हणाल्या, “वाफ परत खाली जाते, तेच ना? हे मला तिकडून आल्या दिवशीच सांगून झाले होते त्यांचे. कागदावर चित्र काढून.” तो कागद त्यांनी शोधून पाहिला, सापडला नाही.

त्या संध्याकाळचे माझे वाक्य दोन भागांचे होते. ते आज दुरुस्त करायचे झाले तर त्यातील एकच भाग बदलावा लागेल. ‘हलकी आहे’ हे मी तसेच ठेवीन. ते खरे आहे, आणि आता त्याचा अर्थही मला कळला आहे. ‘ठीक आहे’ तेवढे काढून टाकीन.